सी-६ एच-०: दिवाळी अंकातल्या एका लेखाच्या नोंदी

शनिवार, १२ जुलै २०२५

मंडळाच्या दिवाळी अंकाला लेख देतो म्हणून सांगून बसलो. ताईंनी (संपादक; वयाने माझ्याहून लहान, पण अंकापुरत्या सगळ्यांच्याच ताई) फोनवर विषय विचारला आणि ऐनवेळी तोंडातून निघून गेलं, "डॅनव्हिलचं फुटबॉल." अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला येऊन अकरा वर्षं झाली. डॅनव्हिल इथून गाडीने पाऊण तासावर. तिथल्या सेंटर कॉलेजने १९२१ साली अमेरिकन फुटबॉलमध्ये हार्वर्ड विद्यापीठाला हरवलं, ही गोष्ट ऑफिसात दरवर्षी फुटबॉल सुरू झालं की कुणी ना कुणी सांगतंच. म्हटलं, आपल्याला ती पाठ आहे, दोन संध्याकाळचं काम.

शब्दमर्यादा २०००. मुदत १५ सप्टेंबर. कामाच्या नोंदी इथे ठेवतो, म्हणजे वेळ कुठे गेला हे तरी कळेल.

रविवार, १३ जुलै

पहिलं काम, सेंटरच्या १९२१च्या हंगामाचा तक्ता (पहिला आकडा सेंटरचा). झाला.

क्लेमसन १४-०, व्हर्जिनिया पॉलिटेक्निक १४-०, सिनसिनाटीचं सेंट झेवियर २८-६, ट्रान्सिल्व्हेनिया ९८-०. मग २९ ऑक्टोबरला हार्वर्ड ६-०. पुढे केंटकी विद्यापीठ ५५-०, ऑबर्न २१-०, वॉशिंग्टन अँड ली २५-०, तुलेन २१-०. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सॅन दिएगोला ॲरिझोना ३८-०. आणि २ जानेवारी १९२२ला डॅलसमध्ये टेक्सस ए अँड एम: १४-२२.

शेवटची ओळ पुन्हा एकदा तपासली. अकरा वर्षांत ऑफिसात एकाही माणसाने हा सामना सांगितलेला नाही.

पहिल्या नऊ सामन्यांत समोरच्यांचे मिळून गुण सहा, तेही एकट्या सेंट झेवियरचे. ट्रान्सिल्व्हेनिया म्हणजे ड्रॅक्युलावालं नव्हे. ते आमच्या लेक्सिंग्टनचं कॉलेज, रोज ऑफिसला जाताना उजव्या हाताला लागतं. केंटकी विद्यापीठही इथलंच. म्हणजे त्या हंगामात आमच्या गावाने १५३ गुण खाल्ले आणि एकही दिला नाही. इथले लोक हार्वर्डचीच गोष्ट का सांगतात, ते जरा जरा समजायला लागलं.

शनिवार, १९ जुलै

बाबांना फोन. ते इस्लामपूरला असतात, तरुणपणी तालमीच्या संघातून कबड्डी खेळले. त्यांना कळलं तर वाचकांना कळेल, असा हिशेब.

"अहो बाबा, चेंडू हातात धरून पळायचं. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकला नाहीत, तर चेंडू समोरच्यांचा."

"हातात धरून? मग फुटबॉल का म्हणायचं?"

याचं उत्तर मला आजही देता येत नाही. पुढे रेटलं.

"चढाईच समजा. फक्त चढाईला जाणाऱ्याबरोबर त्याचे दहा जण असतात. वाटेत येईल त्याला आडवा करायचा, म्हणजे ह्याची वाट मोकळी."

"दहा जण बरोबर? अरे, मग ती चढाई कसली, वरात झाली!"

हे वाक्य लेखात घ्यायचंच.

भाषेचे निर्णय झाले ते असे. 'डाऊन'ला 'डाव', कानालाही जवळ आणि अर्थालाही. टचडाऊन (चेंडू घेऊन समोरच्यांची शेवटची रेघ ओलांडणं) आहे तसाच. 'ब्लॉक'ला 'वाट करणं'. चेंडू पुढे फेकण्याला 'पुढची फेक'. नियमांचा इतिहास दोन वाक्यांत उरकायचा: १९०५च्या हंगामात मैदानावर पोरं मेली, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं, १९०६पासून पुढची फेक कायदेशीर झाली. १९१२ला चार डाव आणि टचडाऊनचे सहा गुण ठरले. म्हणजे १९२१चा खेळ आजच्या प्रेक्षकाला ओळखू येईल इतपत तयार झालेला होता. मोठा फरक एकच. बाहेर गेलेल्याला लगेच परत घेता येत नसे, म्हणून हल्लाही त्याच अकरांनी करायचा आणि बचावही त्यांनीच. बाबा म्हणाले, "मग बरोबर आहे. आमच्यात पण चढाईला वेगळा आणि पकडीला वेगळा असं नसायचं."

शनिवार, २६ जुलै

लेखाचं पहिलं वाक्य लिहून ठेवलं होतं: "तीनशे पोरांचंही नसलेलं एक खेडवळ कॉलेज…" आज ते खोडलं.

तीनशेच्या आत विद्यार्थी होते हे खरं. पण संघ काही त्या गावच्या मातीतून उगवला नव्हता. सेंटरचाच एक माजी विद्यार्थी, चीफ मायर्स, टेक्ससात फोर्ट वर्थच्या नॉर्थ साइड हायस्कूलमध्ये पोरांना फुटबॉल शिकवत होता. त्याच्या हाताखाली बो मॅकमिलिन, रेड वीव्हर, मॅटी बेल असे तयार झाले. त्याने हे पीक उचलून डॅनव्हिलला आणायचं ठरवलं. मॅकमिलिन आणि वीव्हरचं शाळेचं शिक्षण पुरं नव्हतं, म्हणून दोघांना आधी केंटकीतल्याच सॉमरसेटच्या हायस्कुलात बसवलं. तिथे त्यांना रेड रॉबर्ट्स भेटला, गावचाच, अंगाने दांडगा. मग तिघेही सेंटरमध्ये. १९१९ साली फुटबॉलचा जाणकार वॉल्टर कॅम्प याने देशभरातून निवडलेल्या पहिल्या अकरांत मॅकमिलिन आणि वीव्हर दोघेही होते. हार्वर्डला हरवलं तेव्हा मॅकमिलिनचं वय २६. पोरगा म्हणायला जीभ रेटत नाही.

मायर्सने १९१७मध्ये संघ दुसऱ्याच्या हाती दिला. तो चार्ली मोरान, गावकऱ्यांचा 'अंकल चार्ली'. उन्हाळाभर नॅशनल लीगच्या बेसबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहायचा आणि थंडी पडू लागली की डॅनव्हिलला येऊन फुटबॉल शिकवायचा. पोरं सामन्याआधी खोलीत प्रार्थना करायची, त्यावरून 'प्रेइंग कर्नल्स' हे नाव पडलं. वर्तमानपत्रांना असलं नाव मिळाल्यावर आणखी काय पाहिजे.

या गोष्टीत कुणाला जागाच नव्हती, तेही लिहायला हवं. केंटकीत १९०४पासून डे कायदा होता: गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एका शाळा-कॉलेजात शिकणं गुन्हा. बेरिआ कॉलेज त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९०८मध्ये हरलं. छोटं कॉलेज, मोठ्या मनाचं गाव वगैरे लिहायला बसलो की हा कायदा आडवा येतो. एक परिच्छेद देणार आहे. ताईंना 'सणाचा अंक आहे' असं वाटलं तर बोलू.

रविवार, ३ ऑगस्ट

दिवसभर हार्वर्ड.

१९२०ला सेंटर पहिल्यांदा तिकडे गेलं. मध्यंतराला १४-१४. दुसऱ्या अर्ध्यात हार्वर्डने चिरडलं, ३१-१४. सामना संपल्यावर हार्वर्डच्या कप्तानाने मॅकमिलिनला चेंडू देऊ केला आणि हा म्हणाला, नको, पुढच्या वर्षी येऊन जिंकून नेऊ, असं डॅनव्हिलात सांगतात. गोष्ट फारच गोळीबंद आहे, त्यामुळे मी ती 'असं सांगतात'सकटच घेणार.

हार्वर्ड १९१९ आणि १९२० या दोन्ही हंगामांत अपराजित होतं, कॅलिफोर्नियात पासाडिनाला जाऊन रोझ बोल हा नववर्षाचा मानाचा सामनाही जिंकून आलं होतं. इथवर सगळे सांगतात. पण १९२१चा हार्वर्डचा तक्ता काढला तर वेगळंच दिसतं. जॉर्जियाशी कसेबसे १०-७. सेंटरच्या आदल्या शनिवारी पेन स्टेटशी २१-२१ बरोबरी. सेंटरच्या पुढच्या शनिवारी प्रिन्स्टनकडून ३-१० हार. म्हणजे भिंतीला तडा आधीच गेला होता. मोठ्या विद्यापीठांना असे दुरून येणारे संघ दोन भारी सामन्यांच्या मध्ये तोंडी लावायला लागत, आणि सेंटरला तिकडे जायला मिळालं ते त्यामुळेच. यात सेंटरचं श्रेय कमी होत नाही. उलट त्यांनी तडा नेमका हेरला असं मला वाटतं. ऑफिसात हे बोललो तर पुढची पार्टी चुकेल.

शनिवार, ९ ऑगस्ट

आज आकृतीचं काम. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीचा तो एक डाव वाचकाला दिसला पाहिजे, नाहीतर ६-० हा नुसता आकडा.

संगणकावर दोन तास बाण काढले. सगळा प्रकार बसच्या मार्गांच्या नकाशासारखा दिसायला लागला. कंटाळून कॅरम बोर्ड काढला. काळ्या नऊ, पांढऱ्या नऊ, राणी एक: एकोणीस. हव्यात बावीस. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून काळी तीन बटणं आणली. दोन काळ्यांत टाकली, म्हणजे हार्वर्डचे अकरा. सेंटरकडे पांढऱ्या नऊ आणि राणी धरून दहा झाले, अकराव्या जागी उरलेलं काळं बटण खडू फासून पांढरं केलं. राणी म्हणजे मॅकमिलिन, हे काही वेगळं ठरवावं लागलं नाही.

चेंडू हार्वर्डच्या हद्दीत, शेवटच्या रेघेपासून ३२ यार्डांवर. खडूचं बटण म्हणजे रेड रॉबर्ट्स, त्याला उजवीकडे ढकललं. राणी त्याच्या मागोमाग. काळ्या सोंगट्या ओघानेच त्या बाजूला सरकल्या, आपण समोर असतो तर आपणही तेच केलं असतं. रॉबर्ट्स पहिल्या काळीवर आदळतो. आणि इथे राणीने आत कापून दिशा बदलायची. बोर्डावर हे बोटाने करून पाहिल्यावर पहिल्यांदा कळलं: उजवीकडे गेलेल्या प्रत्येक काळीला आता वळावं लागतं, आणि वळायला लागतो तेवढाच वेळ राणीला पुरेसा होतो. पुढे दोन-तीन काळ्या उरतात, त्यांना चुकवायचं ते एकट्याने. कोपऱ्यातल्या खिशाजवळ राणी थांबवली. टचडाऊन, सहा. जादा गुणाची लाथ चुकली म्हणून आकडा सातावर गेला नाही.

मग उरलेला अर्धा खेळ. ४३ हजारांहून जास्त लोकांसमोर हार्वर्डला तेच अकरा आडवत राहिले. हार्वर्डच्या शेजारचे एमआयटीवाले विद्यार्थी सेंटरच्या बाजूने ओरडत होते, शेजाऱ्याची जिरावी म्हणून. ही भावना समजावून सांगायला मराठी वाचकाला वेगळा परिच्छेद लागणार नाही.

फोटो वरून काढला. बोर्डाची पॉलिश चमकते, उद्या दिवसाउजेडी परत काढायचा.

रविवार, १० ऑगस्ट

लेकीने सकाळी उठून कॅरम खेळायला घेतला. हार्वर्ड, सेंटर सगळे खिशात. "बाबा, या सोंगटीला खडू कुणी लावला?" परत मांडायचं.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. काम शून्य. आरतीला आलेल्या दोघांनी बोर्ड पाहून विचारलं, "डाव अर्धा सोडलाय का?"

सोमवार, १ सप्टेंबर

कामगार दिनाची सुट्टी. डॅनव्हिलला जाऊन आलो, लेक बरोबर.

गाव लहान, नीटनेटकं. केंटकी राज्याची पहिली राज्यघटना १७९२मध्ये इथे झाली, त्या चौकात झाडाखाली सँडविच खाल्लं. १८०९ साली इथेच डॉ. मॅकडॉवेलने भूल न देता (भूल तेव्हा नव्हतीच) एका बाईच्या पोटातली अंडाशयाची गाठ काढली आणि ती बाई पुढे तीसेक वर्षं जगली. हे सेंटरच्या बाहेरचं आहे, लेखात घेणार नाही, पण गावाला अशक्य गोष्टींची हौस जुनीच दिसते.

कॉलेजमध्ये जुन्या पोस्टाच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात ती अक्षरं आणि आकडे: सी-६ एच-०, म्हणजे सेंटर ६, हार्वर्ड ०. विजयानंतर पोरांनी हे दिसेल त्या भिंतीवर रंगवलं होतं. रसायनशास्त्रात असं सूत्र असूच शकत नाही, म्हणून ते 'अशक्य सूत्र'. लेकीने नववीत रसायन घेतलंय. तिने भिंतीकडे बघून म्हटलं, "हायड्रोजन शून्य असेल तर तो लिहायचा कशाला?" मी म्हटलं, "हार्वर्डला वाचता यावं म्हणून." हसली नाही.

भिंत जवळून पाहिली. विटांच्या सांध्यांत रंग खाली उतरलेला, शून्याच्या खालच्या बाजूला ओघळ. रंगवणारा घाईत होता. नंतर कुणी त्यावर हात फिरवला असेलही, पण ओघळ पुसायचं कुणाच्या मनात आलेलं नाही.

आणखी एक गोष्ट कळली, लेखात अर्धी ओळ मिळेल. फ्रेड विन्सन सेंटरचा विद्यार्थी, पुढे १९४६ ते १९५३ अमेरिकेचा सरन्यायाधीश. तो गेल्यावर त्याच्या विद्यार्थी-संघटनेची पोरं त्याची तसबीर घेऊन सामन्याला येऊ लागली. तसबिरीचं नाव 'डेड फ्रेड'. आपल्याकडे असती तर हारही घातला असता.

शनिवार, ६ सप्टेंबर

विसर्जन झालं. रात्री डॅलस.

हा सामना आधी घ्यायला हवा होता. हार्वर्डला ६-० करून आलेला संघ, दहा सामने जिंकलेला, नाताळचा मुक्काम सॅन दिएगोला, तिथून गाडीने टेक्सस. समोर ए अँड एमचा संघ, प्रशिक्षक डाना बायबल. आणि मोरान स्वतः १९०९ ते १९१४ याच ए अँड एमचा प्रशिक्षक होता. मॅकमिलिन तर आपल्या घराच्या दारातच आला होता. २ जानेवारीच्या सकाळी त्याने फोर्ट वर्थमध्ये लग्न लावलं आणि दुपारी डॅलसला जाऊन मैदानात उतरला.

लगेच बाबांना फोन केला. तिकडे रविवारची सकाळ, चहा चालू होता.

"लग्न करून सामना?"

"हो. त्याच दिवशी."

"म्हणजे शेवटी वरात निघालीच." मग थोडं थांबून, "जिंकला?"

"नाही. २२-१४ हरले."

"मग हे आधी सांग ना. ते हार्वर्ड-फिर्वर्ड नंतर."

फोन ठेवल्यावर लेखाचा क्रम उलटा केला. सुरुवात डॅलसपासून.

या सामन्यातून पुढे जे राहिलं ते सेंटरचं नव्हे, समोरच्यांचं. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जायबंदी होत होते. किंग गिल नावाचा एक विद्यार्थी, जो फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे गेला होता, वर पत्रकारांच्या जागेत बसून त्यांना खेळाडू ओळखून देत होता. बायबलने त्याला खाली बोलावलं. जखमी झालेल्या वीयरचे कपडे त्याने गॅलरीच्या खाली अंगावर चढवले आणि सामना संपेपर्यंत कडेला उभा राहिला. त्याला मैदानात पाठवायची वेळ आलीच नाही. 'बारावा माणूस' म्हणून आज ए अँड एममध्ये त्याचा पुतळा आहे, आणि तिथले विद्यार्थी सामनाभर उभे राहतात. न खेळलेल्या माणसाचा पुतळा. हा परिच्छेद लिहिताना हात थांबला नाही, बाकी सगळ्या लेखात थांबला.

शनिवार, १३ सप्टेंबर

२७४० शब्द. छाटणी.

गेलं: सॅन दिएगो (एका वाक्यावर आलं), रूझवेल्ट (दोन वाक्यांचं एक), पासाडिना, डेड फ्रेड (वाईट वाटलं), आणि मॅकमिलिनचं नंतरचं आयुष्य. तो १९२२मध्ये सेंटेनरी कॉलेजचा प्रशिक्षक झाला आणि १९४५ला इंडियाना विद्यापीठाला बिग टेन या विद्यापीठांच्या साखळीचं जेतेपद मिळवून दिलं, एवढं ठेवलं. डे कायदा ठेवला. ताईंचा मेसेज: "तो परिच्छेद जड आहे, पण राहू दे. ९८-० काढू नकोस, आमच्या घरी ट्रान्सिल्व्हेनियाचा एक जण आहे, त्याला छेडायचंय."

१९५०मध्ये असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्थेच्या कौलात हार्वर्डचा पराभव हा अर्ध्या शतकातला फुटबॉलमधला सगळ्यात मोठा धक्का ठरला, हे शेवटी होतं. मध्ये सरकवलं. शेवटी ठेवलं की लेख बक्षीस समारंभासारखा वाटायचा.

सोमवार, १५ सप्टेंबर

पाठवला. १९८६ शब्द, दोन आकृत्या. पहिली हार्वर्डचा डाव. दुसरी डॅलसची, तीत कुठलाही डाव दाखवलेला नाही. बावीस सोंगट्या रांगेत, आणि बोर्डाच्या लाकडी कडेवर आणखी एक काळं बटण. त्यासाठी बायकोला परत डबा मागावा लागला. "तुझं फुटबॉल होईपर्यंत माझ्या कुर्त्याला बटणं उरणार नाहीत," असं ऐकून घेतलं.

रात्री ताईंचा फोन.

"आकृती दोनमध्ये कडेला एक बटण राहिलंय रे. चुकून आलंय का? क्रॉप करू?"

"नको. तो गिल आहे."

"बरं. मग खाली तसं लिही, नाहीतर छापणारा कापेल."

ओळ लिहून पाठवली.